दुसरा इशारा

(जबलपूर येथे मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)

स्मृतिव्याख्यान म्हटले की विषय बहुधा ठरलेले असतात: संतवाङ्मय, मराठ्यांचा इतिहास, फार तर राज्यघटना. जबलपूरच्या मराठी मंडळींना भोसल्यांच्या अमलातला नर्मदाकाठ आणि जुन्या मध्य प्रांताच्या आठवणी नव्याने सांगण्याची गरज नाही. म्हणून या खेपेस विषय निवडला आहे तो वीस-पंचवीस ग्रॅम वजनाच्या उंदराचा आणि त्याच्या पेशींवर वापरल्या जाणाऱ्या एका अँटीबॉडीचा. फ्रिजमध्ये चार अंशांवर ठेवलेली बोटाच्या पेराएवढी कुपी, आत पाण्यासारखा दिसणारा द्रव. २००६ साली लंडनमध्ये सहा धडधाकट तरुण काही तासांत अतिदक्षता विभागात पोचले, पुण्यात लीशमानिया या परजीवीची एक खोडी उघडकीस आली, मुंबईत रक्ताच्या कर्करोगावर देशी उपचार उभा राहिला. या तिन्ही गोष्टींचा माग काढत गेले की वाट अशाच कुप्यांपाशी येते.

करोनाच्या काळात ‘टी पेशी’ हा शब्द वर्तमानपत्रांतून घराघरांत पोचला. या पेशींचे पहिले काम ओळखण्याचे. विषाणूचा, जिवाणूचा किंवा बिघडलेल्या पेशीचा एखादा बारीक तुकडा दुसरी पेशी आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखवते आणि ज्या टी पेशीशी तो जुळतो ती सावध होते. हा झाला पहिला इशारा. तेवढ्यावर ती कामाला लागत नाही आणि ते बरेच आहे, कारण स्वतःचेच सांधे, स्वतःचेच स्वादुपिंड ओळखणाऱ्या काही टी पेशी प्रत्येकाच्या अंगात फिरत असतात. पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय ज्या गावात आहे तिथे पुढचे समजावणे सोपे आहे. सिग्नल हिरवा झाला तरी शेवटच्या डब्यातून गार्डाने हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही. (२०२२ पासून रेल्वे गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणते, झेंडी तीच आहे.) टी पेशीला लागणाऱ्या या दुसऱ्या इशाऱ्याला प्रयोगशाळेत कोस्टिम्युलेशन म्हणतात.

असे दोन इशारे असले पाहिजेत हा तर्क आधी मांडला गेला, पुरावा नंतर आला. पीटर ब्रेचर आणि मेल्विन कोहन यांनी १९७० साली अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींबाबत तो मांडला. टी पेशींबाबत लॅफर्टी आणि कनिंगहॅम यांनी १९७५ साली. १९८७ मध्ये मार्क जेन्किन्स आणि रोनाल्ड श्वार्ट्झ यांनी टी पेशींना फक्त पहिला इशारा मिळेल अशी व्यवस्था केली. तेव्हा त्या नुसत्या गप्प राहिल्या नाहीत, तर पुढे दोन्ही इशारे मिळूनही उठेनाशा झाल्या. दुसरा इशारा न मिळणे हाही शरीराच्या लेखी एक हुकूमच असतो, हे त्यातून दिसले.

मग हा दुसरा इशारा पेशीवरच्या कोणत्या रेणूतून जातो? माणसाच्या टी पेशींवर सीडी-२८ नावाचा रेणू आहे. अमेरिकी नौदलाच्या बेथेस्डा येथील वैद्यकीय संशोधन संस्थेत कार्ल जून या डॉक्टराने १९८७ मध्ये दाखवले, की ९.३ क्रमांकाच्या अँटीबॉडीने तो पहिल्या इशाऱ्याच्या जोडीने डिवचला तर टी पेशी झपाट्याने वाढू लागतात. पण माणसावर प्रयोग करायला मर्यादा असतात. उंदरातला सीडी-२८ हाती लागायला हवा होता आणि त्याला नेमके पकडणारे हत्यारही. ते बर्कलीला जेम्स अ‍ॅलिसन यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अँटीबॉडीचा क्रमांक ३७.५१. आज जगभर उंदराच्या टी पेशी काचेच्या तबकात वाढवायच्या असतील तर बहुतेक ठिकाणी हाच क्रमांक मागवला जातो.

तिच्या जन्मकथेत हॅमस्टर आहे. उंदराचे शरीर उंदराच्याच रेणूविरुद्ध सहसा अँटीबॉडी बनवत नाही. त्याला तो आपलाच वाटतो. म्हणून उंदराचा सीडी-२८ दुसऱ्या प्राण्याला टोचायचा, त्या प्राण्याच्या प्लीहेतल्या अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी काढायच्या आणि त्या कर्करोगाच्या, म्हणजे मरणाचे नाव न घेणाऱ्या पेशींशी जोडायच्या. अशी जोडपेशी एकच एक अँटीबॉडी वर्षानुवर्षे बनवत राहते. ही पद्धत केंब्रिजमध्ये जॉर्ज क्योलर आणि सीझर मिलस्टीन यांनी १९७५ साली काढली. तिचे पेटंट घेतले गेले नाही. १९८४ मध्ये दोघांना नोबेल मिळाले आणि त्या पद्धतीवर पैसे कमावले ते इतरांनी. ३७.५१ साठी सीरियन हॅमस्टर वापरला होता. तिच्या जोडीने पहिला इशारा देण्यासाठी वापरतात ती १४५-२सी११ ही अँटीबॉडी आर्मेनियन हॅमस्टरची.

प्रयोगाची रीत साधी आहे. तबकाच्या तळाला पहिल्या इशाऱ्याची अँटीबॉडी लावून ते रात्रभर ठेवतात. सकाळी उंदराची प्लीहा काढून गाळून घेतात. तीत दहा कोटींच्या आसपास पेशी मिळतात. त्यांतल्या टी पेशी वेगळ्या करून तबकात घालतात, वर ३७.५१ टाकतात आणि ३७ अंश तापमान व पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या कपाटात दोन-तीन दिवस ठेवून देतात. मग पेशी किती वेळा दुभंगल्या, त्यांनी इंटरल्युकिन-२ हा पेशींना वाढवणारा निरोप्या रेणू किती सोडला हे मोजायचे. नवशिक्यांची फसगत व्हायच्या जागा ठरलेल्या आहेत. कुपीत द्रव टिकावा म्हणून सोडियम अ‍ॅझाइड घातलेले असेल तर पेशी विषानेच मरतात. जिवाणूंच्या कवचाचा अंश, म्हणजे एंडोटॉक्सिन, राहून गेला असेल तर पेशी अँटीबॉडीमुळे जाग्या झाल्या की त्या घाणीमुळे, हे कळत नाही. आणि त्याच जातीच्या हॅमस्टरची, पण कशालाच न चिकटणारी अँटीबॉडी तुलनेसाठी शेजारच्या खान्यात ठेवली नसेल, तर आलेल्या आकड्यांना काही किंमत उरत नाही.

या अँटीबॉडीची एक गंमत पाठ्यपुस्तकांत तळटीपेत जाते. खरे तर ती पहिल्या पानावर यायला हवी. अँटीबॉडीला दोन बाहू असतात. अखंड ३७.५१ दोन बाहूंनी दोन सीडी-२८ जवळ ओढते आणि इशारा देते. तिचाच एक बाहू कापून वेगळा वापरला तर तो सीडी-२८ वर नुसता बसून राहतो आणि खरा इशारा येण्याची जागा अडवतो. वस्तू तीच, पकडण्याचा नेम तोच, परिणाम उलटा. त्यामुळे ‘ही अँटीबॉडी काय करते?’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. किती, कोणत्या रूपात आणि कोणाच्या अंगात, हे विचारल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. पुढच्या सगळ्या हकिगती याच तीन प्रश्नांच्या आहेत.

सीडी-२८ चा एक सख्खा भाऊ आहे, सीटीएलए-४. दिसायला सारखा, समोरच्या पेशीवरच्या ज्या बी-७ रेणूंना सीडी-२८ चिकटतो, त्यांनाच चिकटणारा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अनेकांची समजूत होती की तोही हिरवी झेंडीच दाखवत असणार. १९९४ मध्ये जेफ्री ब्लूस्टोन यांच्या प्रयोगशाळेने आणि १९९५ मध्ये अ‍ॅलिसन यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या पेशींवर अँटीबॉडी वापरून उलट दाखवले: ती झेंडी लाल होती. त्याच १९९५ मध्ये सीटीएलए-४ चे जनुक काढून टाकलेले उंदीर दोन ठिकाणी तयार झाले. तीन-चार आठवड्यांत त्यांच्या अनावर टी पेशी त्यांच्याच अवयवांत घुसल्या आणि ते मेले. मग अ‍ॅलिसन यांनी लाल झेंडी अँटीबॉडीने खाली ओढली, तर उंदरांतली कर्करोगाची गाठ विरघळली. हे १९९६ साल. त्यातून निघालेले इपिलिमुमॅब हे औषध २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि २०१८ मध्ये अ‍ॅलिसन यांना जपानच्या तासुकू होन्जो यांच्यासह नोबेल मिळाले. ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. पुण्याची गोष्ट कमी सांगितली जाते, म्हणून तिथे जरा थांबायला हवे.

भास्कर साहा हे बंगाली गृहस्थ बेथेस्डाच्या त्या नौदल संस्थेत काम करत होते. सीडी-२८ चे जनुक नसलेल्या उंदरांना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्टॅफिलोकॉकस जिवाणूचे ‘टॉक्सिक शॉक’ घडवणारे विष दिले. या विषाने टी पेशी एकदम मोठ्या संख्येने पेटतात, रक्तात दाहक रेणूंचा पूर येतो आणि प्राणी दगावतो. सीडी-२८ नसलेले उंदीर मात्र वाचले. हा शोधनिबंध १९९६ साली आला आणि त्याच्या लेखकांत कार्ल जूनही होते. अर्थ सरळ होता: रोगप्रतिकारशक्तीचे वादळ उठायचे तर वाट सीडी-२८ वरून जाते.

पुढे साहा पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आले. विद्यापीठाच्या आवारातली ही संस्था सुरुवातीला प्राण्यांच्या पेशी सांभाळून देशभर पुरवणारी एक सोय होती. पुढे तिथे संशोधन वाढले. साहांनी तिथे दुसरा एक कोस्टिम्युलेशनचा रेणू हाती घेतला, सीडी-४०. हा टी पेशीवर नसतो, तर जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींवर आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींवर असतो. टी पेशी त्याला स्पर्श करते आणि मॅक्रोफेजला गिळलेला जंतू मारायला लावते. लीशमानिया हा परजीवी नेमका मॅक्रोफेजच्या पोटातच घर करतो. त्याची एक जात बिहारमध्ये काळा आजार घडवते. दुसरी, लीशमानिया मेजर, कातडीवर व्रण उठवते आणि उंदरांवरच्या प्रयोगांत तीच वापरली जाते. बाल्ब-सी या पांढऱ्या उंदरांत तिचा आजार बळावतो, सी-५७ या काळ्या उंदरांत आटोक्यात राहतो.

मॅक्रोफेजवर सीडी-४० आहे, तो डिवचणारी अँटीबॉडीही आहे, मग परजीवी मरत का नाही? रामकुमार माथुर, अमित अवस्थी आणि साहा यांच्या गटाने २००४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात उत्तर दिले. सीडी-४० हलक्या जोराने डिवचला तर पेशीच्या आत ईआरके नावाचा मार्ग चालू होतो आणि इंटरल्युकिन-१० बाहेर पडते. ते दाह शमवते आणि परजीवीला राहू देते. तोच रेणू जोराने डिवचला तर पी-३८ हा मार्ग चालू होतो, इंटरल्युकिन-१२ बाहेर पडते आणि परजीवी मारला जातो. हे दोन मार्ग एकमेकांना दाबतात. लीशमानियाची खोडी अशी, की तो पेशीच्या आत बसून पारडे ईआरकेकडे झुकवतो. ईआरके अडवला किंवा पी-३८ ला चालना दिली की उंदरांतले परजीवी कमी होतात.

प्रस्तुत वक्त्याच्या मते भारतात कोस्टिम्युलेशनवर झालेल्या कामांत हे सर्वांत देखणे आहे. एकाच रेणूचे, एकाच अँटीबॉडीचे दोन विरुद्ध परिणाम केवळ जोरावर ठरतात, हे त्याने पेशीच्या आतल्या यंत्रणेसह दाखवले. साहांना २००९ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. अवस्थी पुढे बोस्टनला जाऊन परतले आणि आता फरिदाबादच्या एका संशोधन संस्थेत आहेत.

आता लंडन. १३ मार्च २००६ रोजी नॉर्थविक पार्क इस्पितळाच्या आवारातल्या एका खासगी चाचणी केंद्रात आठ निरोगी तरुणांना सुई टोचली गेली. दोघांना नुसते पाणीवजा द्रावण होते, सहा जणांना टीजीएन-१४१२. ही माणसाच्या सीडी-२८ वरची अँटीबॉडी होती, पण साध्या जातीची नव्हे. पहिला इशारा नसतानाही टी पेशींना उठवण्याची ताकद तिच्यात होती. सिग्नल लालच, तरीही नुसत्या झेंडीवर गाडी सुटावी, अशी ही जात. जर्मनीतल्या व्युर्झबुर्गला थोमास ह्यूनिग यांनी ही जात आधी उंदीर-घुशींच्या सीडी-२८ वर तपासली होती. तिथे तिने दाह भडकवला नव्हता. उलट दाह शमवणाऱ्या नियंत्रक टी पेशी वाढवल्या होत्या. संधिवात आणि रक्ताच्या एका कर्करोगावर ती औषध ठरेल अशी आशा होती. माकडांवरही टीजीएन-१४१२ निर्धोक ठरली. तरुणांना दिलेली मात्रा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम होती, माकडांना चाललेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढी.

दीड तासात सहाही जणांना डोकेदुखी, पाठदुखी, ताप, उलट्या सुरू झाल्या. पुढच्या काही तासांत फुप्फुसे आणि मूत्रपिंडे डळमळली. सहाही जण वाचले. एकाला हातापायांच्या बोटांचे भाग गमवावे लागले. औषध बनवणारी छोटी कंपनी त्याच वर्षी बुडाली.

चौकशी झाली, समित्या बसल्या, नियम बदलले. आता पहिल्यांदाच माणसाला दिले जाणारे औषध सगळ्यांना दहा-दहा मिनिटांच्या अंतराने टोचत नाहीत, एकाला देऊन वाट पाहतात. माकडांत काय चुकले हे २०१० मध्ये कळले. ज्या जातीच्या माकडांवर चाचणी झाली, त्यांच्या अनुभवी टी पेशी परिपक्व होताना सीडी-२८ गमावतात. माणसाच्या तशाच पेशी तो टिकवतात. माकडात डिवचायला फारसे काही उरलेलेच नव्हते.

उंदरांचे काय? प्रयोगशाळेतला उंदीर गाळलेल्या हवेत, निर्जंतुक भुशावर, उकळलेल्या अन्नावर वाढतो. त्याला ना गोचीड ठाऊक ना गटार. त्याची प्रतिकारशक्ती नवजात बाळाच्या जवळची असते, रस्त्यावर वाढलेल्या तिशीतल्या माणसाच्या नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये श्टेफान रोस्हार्ट आणि बार्बरा रेहरमन यांच्या गटाने २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक सुंदर प्रयोग छापला. त्यांनी प्रयोगशाळेतल्या काळ्या उंदरांचे भ्रूण रानउंदरिणींच्या गर्भाशयात वाढवले. पिल्ले जनुकांनी प्रयोगशाळेची, पण अंगावरचे आणि पोटातले जंतू रानातले. या पिलांना उंदराच्या सीडी-२८ वरची तशीच प्रखर अँटीबॉडी दिली. स्वच्छ उंदरांत पूर्वीसारख्याच नियंत्रक पेशी वाढल्या. रानउंदरिणींच्या पोटी आलेल्यांत दाह उसळला, लंडनच्या त्या तरुणांसारखा. १९९६ च्या टॉक्सिक शॉकच्या निबंधात वाट दिसली होती. हा प्रयोग २००६ पूर्वी झाला असता तर तिचे टोकही दिसले असते.

लंडनची ती टीजीएन-१४१२ पुढे दुसऱ्या नावाने पुन्हा माणसांत आली. या वेळी किलोमागे शंभर मायक्रोग्रॅमऐवजी फार तर पाच-सात मायक्रोग्रॅम. स्वयंसेवकांच्या रक्तात दाहक रेणू वाढले नाहीत, इंटरल्युकिन-१० वाढले. हलक्या जोराला इंटरल्युकिन-१०, मोठ्या जोराला दाह. पुण्यात सीडी-४० वर जे उंदरांत दिसले होते, त्याच्याशी याचे साम्य डोळ्यांत भरते. रेणू वेगळा, पेशी वेगळी, यंत्रणाही तीच असेलच असे नाही. पण ‘किती’ या प्रश्नाचे वजन दोन्हीकडे सारखे.

मुंबईची गोष्ट थोडक्यात. कार्ल जून यांनी सीडी-३ (पहिल्या इशाऱ्याचा रेणू) आणि सीडी-२८ वरच्या अँटीबॉडी लावलेल्या मण्यांनी माणसाच्या टी पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र घडवले. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात त्यांच्या गटाने जनुक बदललेल्या टी पेशींनी एमिली व्हाइटहेड या ल्युकेमिया झालेल्या मुलीला बरे केले. त्या पेशींत दुसरा इशारा बाहेरून द्यायचा नव्हता, तो जनुकातच शिवला होता, ४-१बीबी या कोस्टिम्युलेशनच्या रेणूचा तुकडा लावून. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी घडवलेल्या नेक्सकार-१९ या भारतीय उपचारातही तोच तुकडा आहे. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि परदेशी उपचाराच्या खर्चाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात तो मिळू लागला. तरीही मध्यमवर्गीय घराला तो परवडतो, असे म्हणणे थट्टा होईल.

जबलपूरला हे सगळे का सांगायचे? इथे पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ पासून आहे. २००९ साली स्थापन झालेल्या पशुवैद्यक विद्यापीठाला आज हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीच्या नानाजी देशमुखांचे नाव आहे. नेताजींच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९५५ चे. आदिवासी आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८४ पासून नागपूर रोडवर आहे. जनावराचा डॉक्टर, माणसाचा डॉक्टर आणि गोंड-बैगांच्या पाड्यांवर हिवताप व सिकलसेल तपासणारा संशोधक एकाच शहरात राहतात, असे देशात फार ठिकाणी नाही.

आणि कोस्टिम्युलेशनच्या कामात पशुवैद्य पाहुणा नसतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या समितीत त्याची जागा कायद्याने ठरलेली आहे. बोस्टनचे विजय कुचरू हे मूळचे हिसारचे पशुवैद्यक पदवीधर. १९९५ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले, की मेंदूच्या दाहाच्या आजारात उंदराचा बी-७-१ अँटीबॉडीने अडवला तर आजार कमी होतो आणि त्याचा जुळा बी-७-२ अडवला तर वाढतो. स्वच्छ पिंजऱ्यातला उंदीर आणि धान्याच्या कोठारातला उंदीर यांतला फरक ज्याला हाताळून ठाऊक असतो, असा माणूस २००६ पूर्वी टीजीएन-१४१२ च्या चर्चेत हवा होता.

मराठी घरांत मात्र अजून एमबीबीएस हुकून व्हेटर्नरीला नंबर लागला की सुतक पाळल्यासारखे चेहरे होतात. ज्यांच्या घरात यंदा बारावीचे मूल आहे, त्यांनी एवढे करावे: निकालाची वाट पाहण्याच्या दिवसांत एकदा त्याला घेऊन पशुवैद्यक महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात जावे आणि तिथल्या शिक्षकांना प्रतिकारशास्त्रात पुढे काय काय करता येते, हे त्याच्यासमोर विचारावे.